पुट्टीऐवजी स्कॅनर: एका कॅपचं डिजिटल माप, कॅपसाठी दात घासण्यापासून ती बसेपर्यंत

तोंडात घालून दातांचं माप घ्यायचा स्कॅनर विकायला येणारा माणूस डेमोत काय दाखवतो, तर आपल्याच असिस्टंट मुलीचे धडधाकट, कोरडे, कधी हात न लागलेले दात. दोन मिनिटांत अख्खा जबडा स्क्रीनवर रंगीत फिरायला लागतो आणि समोरचे डॉक्टर ईएमआयचा हिशोब मांडायला घेतात. खरं काम तसं नसतं हो. खरं काम म्हणजे रूट कॅनल झालेली खालची दाढ, हिरडीतून जरासं रक्त, जीभ सारखी मधे येतेय, गाल आत ओढला जातोय, आणि खुर्चीतल्या काकांना दर अर्ध्या मिनिटाला थुंकायचंय. अशा तोंडात स्कॅन नीट आला तरच त्या मशीनचा उपयोग, नाहीतर महागडा कॅमेरा.

म्हणून आधीच सांगून टाकतो, स्कॅनरमुळे माप "आपोआप" चांगलं येत नाही. हिरडी नीट बाजूला केली नाही, तोंड कोरडं केलं नाही तर पुट्टीत (ट्रेमध्ये भरून दातांवर दाबायचं मापाचं मटेरियल) जी चूक व्हायची तीच स्कॅनमध्येपण होते. फरक एवढाच की ती चूक पेशंट खुर्चीत असतानाच, हाताच्या पंज्याएवढी मोठी होऊन समोर स्क्रीनवर दिसते आणि तेवढीच जागा पुसून परत घेता येते. डिजिटल मापाचा सगळ्यात मोठा फायदा मला विचाराल तर हाच, बाकी सगळं नंतर. खाली जे लिहिलंय ते एकाच कामाबद्दल आहे, खालची पहिली मोठी दाढ, म्हणजे ३६ किंवा ४६ नंबर, आणि त्यावर एक झिरकोनिया (पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप. यात "दात घासणं" म्हणजे ब्रश करणं नाही, कॅपला जागा व्हावी म्हणून ड्रिलने दात चारी बाजूंनी कमी करणं. नवीन डॉक्टर, क्लिनिकमधल्या असिस्टंट मुली यांच्यासाठी लिहिलंय, पण कॅप करून घेणाऱ्या पेशंटनी वाचलं तरी चालेल, निदान काय विचारायचं ते कळेल.

जुनं माप नेमकं कुठे फसतं

अल्जिनेट, म्हणजे ते गुलाबी-हिरवं पीठ पाण्यात कालवून ट्रेमध्ये भरतात ते, हे मुळात पाणी धरून ठेवणारं मटेरियल. उघडं ठेवलं की पाणी सोडून आकसतं, पाण्यात ठेवलं की फुगतं. त्यामुळे माप काढल्यावर लगेच, दहा-पंधरा मिनिटांच्या आत प्लास्टर ओतायला हवं, आणि ज्या क्लिनिकमध्ये एकच मावशी सगळं बघतात तिथे दुपारच्या गर्दीत ते कितीदा होतं हे ज्याचं त्याला माहीत. वर आपल्याकडचा उन्हाळा. विदर्भात मे महिन्यात नळाचं पाणीच एवढं गरम येतं की पीठ ट्रे तोंडात जायच्या आधी सेट व्हायला लागतं, म्हणून फ्रीजमधलं पाणी वापरावं लागतं.

कॅपसाठी अल्जिनेट चालतच नाही (समोरच्या जबड्यापुरतं ठीक), तिथे अॅडिशन सिलिकॉन लागतं, म्हणजे घट्ट पुट्टी आणि पातळ लाइट बॉडी. हे मटेरियल चांगलं आहे, दिवसेंदिवस आकार सोडत नाही. पण लेटेक्सचे ग्लोव्ह घालून पुट्टी मळली तर रबरातल्या गंधकामुळे ती नीट सेटच होत नाही, ट्रे काढताना हलला तर माप ताणलं जातं, मार्जिनवर (दातावर कॅपची कड जिथे संपते ती रेघ) हवेचा एक बुडबुडा अडकला तर नेमकी तीच जागा गेली, आणि मग प्लास्टर, मग कुरियर, मग लॅबमध्ये डाय (त्या एका दाताचा प्लास्टरचा नमुना) कापणं. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं चुकत जातं. आणि गंमत अशी की हे सगळं चुकलंय ते कळतं केव्हा, तर चार-पाच दिवसांनी लॅबचा फोन येतो "डॉक्टर, मार्जिन दिसत नाहीये" तेव्हा, किंवा त्याहून वाईट, कॅप तोंडात बसवायला घेतल्यावर. मग पेशंटला परत बोलवा, परत भूल, परत ट्रे, आणि परत तेच "नाकाने श्वास घ्या, झालंच".

हे आलं कुठून, थोडक्यात

प्रकाशाने दाताचं माप घ्यायची कल्पना फ्रान्समधल्या फ्रांस्वा ड्यूरे यांनी १९७३ मध्ये आपल्या प्रबंधात मांडली. प्रत्यक्ष पेशंटवर काम झालं ते झ्युरिक विद्यापीठात, १९८५ च्या सप्टेंबरमध्ये. वेर्नर म्योरमान आणि इंजिनियर मार्को ब्रांदेस्तिनी यांच्या सेरेक मशीनवर खुर्चीशेजारीच एक सिरॅमिक इनले (दाताच्या खड्ड्यात बसणारा तुकडा) बनवून बसवला. तेव्हा दातावर टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पावडर फवारावी लागायची कारण चकाकणाऱ्या दातावरून कॅमेऱ्याला नीट वाचता यायचं नाही, आणि ही पावडरची कटकट पुढे बरीच वर्षं राहिली. गेल्या १०-१५ वर्षांत पावडरशिवाय, रंगीत आणि व्हिडिओसारखं सलग स्कॅन करणारे स्कॅनर आले, मग कोरियन आणि चिनी कंपन्या उतरल्यावर किमती खाली आल्या, आणि तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरलाही विचार करता येईल अशी वेळ आली.

स्कॅनर बघतो कसा

एवढं समजलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. स्कॅनर म्हणजे एक्स-रे नाही, तो आरपार बघत नाही. तो दातावर प्रकाश टाकतो आणि परत आलेल्या प्रकाशावरून प्रत्येक बिंदू किती लांब आहे ते मोजतो. काही मशीन एका कोनातून प्रकाशाचा पॅटर्न टाकून दुसऱ्या कोनातून बघतात, काही फोकस पुढे-मागे सरकवून कुठे धारदार दिसतंय ते शोधतात. एका वेळी त्याला दिसतो जेमतेम एक-दोन दातांचा तुकडा. असे शेकडो तुकडे तो एकमेकांवर जुळवत जातो, आणि जुळवताना आधीच्या तुकड्यातल्या ओळखीच्या आकारांचा आधार घेतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, प्रकाश जिथे पोचत नाही ते त्याला दिसत नाही, मग ती रक्ताखालची मार्जिन असो, थुंकीखालची असो की हिरडीच्या आतली. लाइट बॉडी सिलिकॉन हिरडीच्या फटीत थोडंफार स्वतःहून घुसतं, प्रकाश घुसत नाही. दुसरी, प्रत्येक जुळवणीत अगदी बारीक चूक असते आणि लांब जावं तशी ती साठत जाते. एका दाढेच्या आसपास ती नगण्य असते, पण एका टोकाच्या दाढेपासून दुसऱ्या टोकाच्या दाढेपर्यंत गेलात तर लक्षात येण्याएवढी होऊ शकते. एका कॅपसाठी स्कॅनर उत्तम आणि अख्ख्या जबड्याच्या इंप्लांट ब्रिजसाठी जपून, याचं कारण हे.

आकड्यात सांगायचं तर कॅपच्या कडेला १२० मायक्रॉनपर्यंतची फट चालते हा मापदंड मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ मध्ये दिला आणि अजून सगळे तोच धरतात. डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे दोन केससुद्धा नाही. एवढ्याशा फटीत मापाची, डिझाइनची, मिलिंगची (मशीनने कॅप कोरण्याची), सगळ्यांची मिळून चूक मावली पाहिजे.

पायरी १: दात घासायच्या आधी अर्धं स्कॅनिंग उरकून घ्या

नवीन लोक इथेच वेळ घालवतात. ते आधी दात घासतात, कॉर्ड (हिरडी बाजूला सारणारा दोरा) घालतात, आणि मग सगळं एकदम स्कॅन करायला बसतात. तोपर्यंत पेशंट कंटाळलेला, हिरडीतून रक्त सुरू, भूल उतरायला लागलेली.

त्याऐवजी पेशंट ताजातवाना असताना, भूल द्यायच्याही आधी, खालचा जबडा तसाच्या तसा स्कॅन करा, मग वरचा, मग दात मिटवून बाइट, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते. भूल दिल्यावर खालच्या जबड्याची एक बाजू बधिर असते, बऱ्याच लोकांना आपण नीट चावतोय की नाही तेच कळत नाही आणि ते जबडा थोडा पुढे किंवा बाजूला सरकवून मिटतात. त्यामुळे बाइट आधीच घेतलेली बरी. आणि जुन्या दाताचा आकार चांगला असेल तर तोही फाइलमध्ये येतो, लॅबला नवी कॅप त्या आकाराची करता येते, पेशंटला नवा दात "वेगळा" लागत नाही.

दात घासून झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये त्या स्कॅनची कॉपी घ्यायची, फक्त त्या दाताचा भाग पुसायचा आणि तेवढाच परत स्कॅन करायचा. हिरडी उघडी आणि तोंड कोरडं ठेवायची धावपळ अशाने अर्ध्या मिनिटावर येते.

पायरी २: घासणं मिलिंग मशीनला परवडेल असं

पुट्टीच्या जमान्यात दाताला एखादा टोकदार कोपरा राहिला तरी लॅबवाला मेणात भागवून घ्यायचा. आता कॅप आतून एक छोटा फिरता बर कोरतो आणि त्या बरच्या टोकाला जाडी असते, त्याहून बारीक कोपरा त्याला आत कोरता येत नाही. मग सॉफ्टवेअर काय करतं, तिथली जागा वाढवून टाकतं आणि कॅप आतून सैल होते, किंवा जागा वाढवली नाही तर कॅप त्या टोकावरच अडते आणि पूर्ण खाली बसत नाही. म्हणून सगळे कोपरे गोल करा. मार्जिन एकसलग, चॅम्फर किंवा गोल शोल्डर (दोन्ही आतून गोलसर असणारे कडेचे प्रकार). वरून जागा किती ठेवायची ते मटेरियलवर, झिरकोनियाला साधारण १ मिमी, लिथियम डायसिलिकेट (दुसऱ्या प्रकारचं सिरॅमिक) असेल तर दीड मिमी धरून चाला.

आणि शक्य असेल तिथे मार्जिन हिरडीच्या वर किंवा बरोबरीला ठेवा. मागची दाढ आहे, हसताना दिसत नाही, उगाच हिरडीच्या आत जायचं कशाला? स्कॅनर आल्यावर माझ्या मते डॉक्टरांच्या सवयीत झालेला सगळ्यात चांगला बदल हा. मार्जिन वर असली की स्कॅन सोपा, सिमेंट साफ करणं सोपं आणि पेशंटला ब्रश करणंपण सोपं.

पायरी ३: हिरडी आणि ओलावा, खरी लढाई इथेच

मार्जिन हिरडीच्या आत गेलीच असेल (जुनी फिलिंग खोल असेल तर पर्याय नसतो) तर दोन कॉर्डची पद्धत वापरा. खाली अगदी बारीक कॉर्ड, तो स्कॅन होईपर्यंत तिथेच राहणार. त्याच्यावर जरा जाड कॉर्ड, तो काही मिनिटं ठेवून स्कॅनच्या अगदी आधी काढायचा. काढायच्या आधी पाण्याने ओला करा, सुका कॉर्ड ओढला की हिरडीचं वरचं कातडं त्याला चिकटून येतं आणि थांबलेलं रक्त परत सुरू होतं. रक्त थांबवायला अॅल्युमिनियम क्लोराइड चांगलं. फेरिक सल्फेटने काळपट थर बसतो, तो धुतला नाही तर स्कॅनमध्ये मार्जिन कुठली आणि डाग कुठला ते कळत नाही. जे वापराल ते पाण्याने भरपूर धुवा, मग हवा मारा.

हिरडी सुजलेली असेल, नुसतं बोट लावलं तरी रक्त येत असेल तर त्या दिवशी माप घेऊच नका. चांगली टेम्पररी कॅप बसवा, साफसफाई करा, आठवड्याने बोलवा. पेशंट कुरकुरतो, कुरकुरू दे.

कोरडं ठेवायला गालाच्या बाजूला, जिथून लाळेची नळी वरच्या दाढेजवळ उघडते तिथे एक कॉटन रोल, जिभेच्या बाजूला एक, आणि असिस्टंटच्या हातात सक्शन. गाल-ओठ मागे धरणारा प्लास्टिकचा रिट्रॅक्टर असेल तर हात मोकळा राहतो. थुंकीचं बारीकसं तळं दाढेच्या खाचांमध्ये साचलं तर स्कॅनर त्या पाण्याचाच पृष्ठभाग दात समजून वाचतो, स्क्रीनवर खाचा भरलेल्या, गुळगुळीत दिसतात. हवा मारायची ती एकदाच जोरात नाही, स्कॅन चालू असताना असिस्टंटने मधून मधून हलकी.

पायरी ४: मशीनची तयारी

टिप (स्कॅनरचं तोंडात जाणारं टोक) ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक, केलेली हवी, दोन पेशंटमध्ये नुसती पुसून चालत नाही. टिपमधला आरसा किती वेळा ऑटोक्लेव्ह झाल्यावर बदलायचा ते कंपनी लिहून देते, त्याची नोंद ठेवा, धुरकट आरशाने चांगलं मशीनही वाईट वाचतं. मशीन सुरू करून टिप गरम होऊ द्या नाहीतर श्वासाची वाफ जमते. खुर्चीचा मोठा लाइट तोंडावरून बाजूला करा. लॅपटॉप चार्जरला लावूनच वापरा, बॅटरीवर ग्राफिक कार्ड मंदावतं आणि स्कॅन अडखळायला लागतो, आणि आपल्याकडे वीज कधीही जाते म्हणून यूपीएस हवाच. मशीनला कॅलिब्रेशन लागत असेल तर कंपनीने सांगितलंय तेव्हा करा, "मागच्या महिन्यात केलं होतं" हे उत्तर नाही.

पायरी ५: स्कॅनचा रस्ता

रस्ता ठरलेला हवा, दात रंगवल्यासारखं इकडून तिकडे फिरवायचं नाही. खालच्या जबड्यात सगळ्यात मागच्या दाढेच्या चावायच्या बाजूने सुरू करा, कारण तिथे खाचा-उंचवटे भरपूर, मशीनला ओळख पटवायला सोपं जातं. चावायची बाजू पुढपर्यंत, मग जिभेची बाजू धरून मागे, मग गालाची बाजू. एका कॅपसाठी अर्धा जबडा बऱ्याचदा पुरतो. पण ज्या दातावर कॅप करायचीय तोच सगळ्यात शेवटचा असेल, मागे टेकायला दुसरा दात नसेल, तर पूर्ण जबडा घ्या. नाहीतर बाइट जुळवताना वरचा-खालचा भाग तिरका बसतो आणि कॅप उंच येते.

पुढच्या बारीक दातांवरून जाताना, म्हणजे पूर्ण जबडा घेताना, सरळ न जाता थोडं नागमोडी जायचं, एकदा जिभेकडे झुकवून एकदा ओठाकडे. तिथे सपाट गुळगुळीत पृष्ठभाग असतो, स्कॅनर वाट चुकतो तो बहुतेक इथेच. वाट चुकला, आवाज आला किंवा चित्र थांबलं की घाबरून जोरात हलवू नका, आधी चांगल्या स्कॅन झालेल्या दाढेवर परत या, तो जागा ओळखेल, मग पुढे चला. वेग एकसारखा. टिप दाताच्या अगदी जवळ, जवळपास टेकल्यासारखी.

शेजारच्या दातांच्या ज्या बाजू घासलेल्या दाताकडे आहेत त्या नीट मिळायला टिप पुढे-मागे तिरकी करावी लागते. तिथे भोक राहिलं तर कॅपचा कॉन्टॅक्ट (शेजारच्या दाताला टेकायची जागा) चुकतो, मग अन्न अडकतं, आणि पेशंट महिन्याभरात टूथपिक घेऊन दारात. शेजारी चांदीची फिलिंग किंवा चकचकीत मेटलची जुनी कॅप असेल तर ती चमकून डेटा तुटतो, कोन बदलून बघा, नाहीच जमलं तर अगदी हलकी स्कॅन पावडर.

गाल, जीभ, कॉटन रोल यांचे तुकडे स्कॅनमध्ये येतात. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ते आपोआप पुसलं जातं पण पुसताना कधी कधी हिरडीची कडपण जाते, तेवढं बघा.

पायरी ६: बाइट

आधी घेतली नसेल तर आता. पेशंटला "दात चावा" म्हणू नका, काही लोक पुढचे दात टोकाला टोक लावतात. "गिळा आणि मागच्या दाढा मिटून तसंच राहा" म्हणा. टिप गालाच्या आतून आडवी, वरच्या-खालच्या दाढा दोन्ही दिसतील अशी. शक्यतो दोन्ही बाजूंची घ्या. मग तोंडात कार्बन पेपर लावून खुणा कुठे येतात ते बघा आणि स्क्रीनवर सॉफ्टवेअर जिथे टेकतंय म्हणतं तिथेच त्या येतात का ते जुळवा. जुळत नसेल तर बाइट परत, दहा सेकंदांचं काम आहे.

पायरी ७: पेशंट उठायच्या आत

ज्यासाठी एवढे पैसे घातले ते हेच, आणि बहुतेक जण नेमकं हेच घाईत उरकतात. पेशंटला सांगा दोन मिनिटं बसा, वरचा लाइट बंद, आणि स्क्रीन मोठी करा.

पहिलं काम, रंग बंद करा. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये रंग काढून नुसता एकरंगी, प्लास्टरसारखा मॉडेल दाखवायचं बटण असतं. रंगीत चित्रात मार्जिन छान दिसते कारण हिरडी गुलाबी आणि दात पिवळसर, डोळा रंगावरून फसतो. रंग गेला की खरा आकार दिसतो, कड धारदार आहे की वितळल्यासारखी गोल झालीय ते लगेच कळतं. लॅबवाल्याला कॅप आकारावर बनवायची असते, रंगावर नाही.

मग मार्जिन पूर्ण गोल फिरवून बघा, खासकरून दोन दातांच्या मधल्या, आतल्या बाजूंना. मार्जिनच्या खालीही थोडा दात दिसायला हवा, तिथून पुढे कॅपची बाहेरची वळण ठरते. शेजारच्या दातांचे कॉन्टॅक्ट बघा. वरून जागा किती उरलीय ते रंगांच्या नकाशावर दिसतं, कमी असेल तर आत्ताच थोडं घासा आणि तेवढाच भाग परत स्कॅन करा, पुट्टीच्या वेळी हे आपल्याला कुठे कळायचं? कॅप वरून खाली सरकायच्या वाटेत दाताचा कुठला फुगवटा आडवा येतोय का, म्हणजे अंडरकट, तेही मशीन दाखवतं.

एक सापळा आहे तो ध्यानात ठेवा. स्कॅनमध्ये भोकं राहिली की सॉफ्टवेअर प्रोसेस करताना ती आपल्या अंदाजाने बुजवतं, आणि बुजवलेली जागा सगळ्यात सुंदर, गुळगुळीत दिसते. हिरडीवर कुठेतरी असेल तर असू दे. पण मार्जिनवर किंवा कॉन्टॅक्टवर असेल तर ते माप नाही, मशीनने मारलेली थाप आहे. म्हणून प्रोसेस करायच्या आधीच कच्चा स्कॅन बघा, भोक असेल तर भरा स्कॅनरने, सॉफ्टवेअरने नाही. कुठे दाताला दुहेरी कड, एकावर एक दोन पापुद्रे दिसत असतील तर जुळवणी चुकलीय, तो भाग पुसून नव्याने.

आणि हो, स्क्रीन पेशंटकडे वळवा. काकांना स्वतःची घासलेली दाढ, शेजारची कीड, मागची झिजलेली दाढ एवढी मोठी दिसली की जे आपण दहा मिनिटं समजावत बसतो ते त्यांना आपोआप कळतं. पण हे दाखवून नको ती कामं गळ्यात मारणारेही आहेत, त्याबद्दल पेशंटने सावध राहावं.

पायरी ८: लॅबला पाठवताना

मार्जिनची रेघ स्वतः आखा, लॅबवर सोडू नका, दात तुम्ही बघितलाय त्यांनी नाही. फाइल एसटीएल असेल तर त्यात नुसता आकार जातो, रंग जात नाही, पीएलवाय मध्ये रंगही जातो, लॅबला विचारून ठरवा. सोबत दाताचा नंबर, मटेरियल, शेड (दाताच्या रंगाची छटा). शेड मात्र स्कॅनरच्या भरवशावर टाकू नका, दिवसाच्या उजेडात शेड गाइड धरून फोटो काढा आणि तोही सुरुवातीलाच, कारण तोंड बराच वेळ उघडं राहून दात सुकला की पांढरा दिसतो.

फाइलच्या नावात पेशंटचं पूर्ण नाव, मोबाइल नंबर टाकून व्हॉट्सअॅपवर फिरवणं बंद करा. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा झालाय, आणि कायदा नसता तरी ते बरोबर नव्हतंच. क्लिनिकचा केस नंबर पुरतो.

पुढे लॅबमध्ये कॅप कॉम्प्युटरवर डिझाइन होते, खडूसारख्या मऊ झिरकोनियाच्या तबकडीतून मुद्दाम २०-२५ टक्के मोठी कोरली जाते, आणि मग साधारण १५०० अंशांच्या भट्टीत आकसून बरोबर मापाची होते. प्लास्टरचं मॉडेल बऱ्याचदा लागतच नाही. लागलं तर रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करतात. सिमेंटसाठी आत किती जागा सोडायची हा आकडा लॅब सॉफ्टवेअरमध्ये टाकते. तुमच्याकडे येणाऱ्या कॅप सतत घट्ट किंवा सतत सैल येत असतील तर स्कॅनरला दोष द्यायच्या आधी लॅबला तो आकडा बदलायला सांगा.

पेशंटसाठी एक गोष्ट इथेच. "डिजिटल कॅप" म्हणून जे विकलं जातं त्यात माप डिजिटल असेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी माप पुट्टीनेच घेतात, लॅब प्लास्टरचं मॉडेल आपल्या टेबलावरच्या स्कॅनरमध्ये ठेवून स्कॅन करते आणि तिथून पुढचं डिजिटल. त्यात फसवणूक नाही, कॅप चांगली येऊ शकते, पण डिजिटल मापाचे जास्तीचे पैसे घेत असतील तर तोंडात स्कॅन केला का हे विचारा.

पायरी ९: कॅप बसवताना

आधी कॉन्टॅक्ट, मग मार्जिन, मग बाइट, ह्याच क्रमाने. कॉन्टॅक्ट घट्ट असेल तर कॅप खाली बसतच नाही आणि आपण उगाच मार्जिन उघडी म्हणून बोंब मारतो. फ्लॉस थोडा अडून सुटला पाहिजे. मार्जिनवर प्रोब फिरवा. मग कार्बन. कॅप एकसारखी उंच येत असेल तर बाइट स्कॅन संशयित, एकाच टोकाला अडत असेल तर तिथे स्कॅनमध्ये थुंकी किंवा बुजवलेलं भोक होतं का ते जुनी फाइल उघडून बघा. पुट्टीचं माप एव्हाना कचऱ्यात गेलेलं असायचं, फाइल आहे तिथेच असते. कॅप पुढेमागे फुटली तर त्याच फाइलवरून दुसरी करता येते, फक्त मधल्या काळात खालच्या दातात काही बदल झालेला नसला पाहिजे.

कुठे पुट्टी-ट्रेच बरे

आजीची पूर्ण कवळी. दात नाहीत, ओली गुळगुळीत हिरडी, जुळवायला खूण नाही, आणि कवळी टिकते ती गाल-जीभ हलवून कडा घडवल्यामुळे, हलणारी कड स्थिर कॅमेऱ्याला कशी मिळणार. तिथे अजून कंपाउंड आणि पेस्टच माझ्या मते पुढे आहे, बाकी कोणी काही म्हणो. हिरडीच्या खूप आत गेलेली मार्जिन, रक्त थांबत नाहीये, तिथेही लाइट बॉडी. अख्ख्या जबड्याच्या इंप्लांटला स्कॅन बॉडी (इंप्लांटची जागा दाखवणारी खुंटी) लावून स्कॅन करता येतो पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची चूक आधी सांगितलीच, तिथे तपासायला वेगळी जिग (सगळे इंप्लांट जोडून बघायचा सांगाडा) लागते.

गुटखा-सुपारीने तोंड आखडलेले पेशंट आपल्याकडे भरपूर, महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे तरी. त्यांना ट्रे जात नाही म्हणून स्कॅनर सुचवतात, पण स्कॅनरचं डोकंही काही बारीक नसतं, मागच्या दाढेपर्यंत जाईलच असं नाही. आधी टिप बंद मशीनवर तोंडात घालून बघा, लहान टिप मिळत असेल तर ती मागवा. याउलट ज्यांना ट्रे बघूनच उलटी येते, त्यांच्यासाठी आणि टाळू फाटलेल्या तान्ह्या बाळांसाठी स्कॅनर खरंच वरदान आहे. बाळाच्या तोंडात ओलं मटेरियल घालणं म्हणजे श्वासनलिकेत तुकडा जायची भीती, ती इथे नाही.

मशीन घेताना

किंमत लाखांत जाते आणि खर्च तिथे थांबत नाही, टिपा, लॅपटॉप, काही कंपन्यांचं वर्षाचं सॉफ्टवेअर भाडं. महिन्याला हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या कॅप होत असतील तर दोन-तीन डॉक्टरांनी मिळून घ्या. डेमो मागा तो स्वतःच्या पेशंटवर, घासलेल्या दाढेवर, असिस्टंटच्या दातांवर नाही. फाइल कुठल्याही लॅबला पाठवता येते की कंपनीच्याच पोर्टलमधून जावी लागते ते विचारा. भाडं भरायचं थांबवलं तर जुन्या केस उघडतात का तेही विचारा, आणि उत्तर काहीही मिळालं तरी दर महिन्याला सगळ्या केस एसटीएलमध्ये काढून वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवत जा.